बोधनिक मेंदूविज्ञानाच्या संशोधनाची सुरुवात कशी करावी: गोव्यातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

गोव्यातील महाविद्यालयांत मानसशास्त्र, प्राणिशास्त्र, संगणकशास्त्र किंवा भाषा शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना बोधनिक मेंदूविज्ञानाची, म्हणजे वर्गात ज्याला आपण सरळ कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स म्हणतो त्या विषयाची ओढ असते. मात्र सुरुवात कोठून करावी हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही, आणि त्यामुळे बहुतेक जण मेंदूच्या रंगीत चित्रांपासून आणि महागड्या यंत्रांच्या नावांपासून सुरुवात करतात. मानसशास्त्राची पदवी, त्यानंतर द्विभाषिकांच्या अवधानावरचा प्रबंध आणि मग ईईजी (मेंदूतील विद्युत हालचालींची नोंद) प्रयोगशाळेतील काम, या वाटेने गेल्यावर माझे ठाम मत झाले आहे की क्रम याच्या उलट हवा. आधी नेमका प्रश्न, मग वर्तनाचे काटेकोर मोजमाप आणि मेंदू मोजणारे यंत्र सर्वांत शेवटी. पुढील पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक गोव्यात राहून, एका साध्या लॅपटॉपच्या आधारे पूर्ण करता येतात.

१. पायाभूत संकल्पना: काय शिकावे आणि तूर्त काय सोडावे

या क्षेत्रात दोन प्रश्न एकत्र विचारले जातात. संवेदन, अवधान, स्मृती, भाषा, निर्णय या मानसिक प्रक्रिया कोणत्या टप्प्यांनी घडतात हा पहिला प्रश्न, आणि ते टप्पे मेंदूतील कोणत्या रचनांच्या व जोडण्यांच्या आधारे पार पडतात हा दुसरा. क्षेत्राला आजचे नाव जॉर्ज मिलर आणि मायकेल गझॅनिगा यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिले. पण त्याची मुळे १९ व्या शतकातील रुग्णांच्या नोंदींत आहेत.

पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी १८६१ साली लेबोर्न्य नावाच्या एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. या माणसाला दुसऱ्याचे बोलणे बरेचसे समजत असे, पण स्वतः बोलताना त्याच्या तोंडून जवळजवळ 'तां' एवढाच उच्चार बाहेर पडत असे. त्याच्या मेंदूच्या डाव्या फ्रंटल भागात इजा आढळली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी निराळ्या प्रकारच्या रुग्णांचे वर्णन केले. त्यांचे बोलणे ओघवते असे पण त्याला अर्थ लागत नसे, शिवाय दुसऱ्याचे बोलणे समजण्यातही त्यांना अडचण येई. त्यांच्यातील इजा डाव्या टेम्पोरल भागाच्या मागच्या बाजूला होती. एका रुग्णात 'क' क्षमता बिघडलेली व 'ख' शाबूत, आणि दुसऱ्यात 'ख' बिघडलेली व 'क' शाबूत अशी जोडी मिळाली, तर त्या दोन क्षमता निदान काही अंशी वेगळ्या यंत्रणांवर अवलंबून आहेत असे म्हणता येते. या युक्तिवादाला दुहेरी विलगता म्हणतात. ती नीट समजली की पुढील अर्ध्याअधिक शोधनिबंधांचा तर्क आपोआप उलगडू लागतो, म्हणून तिच्यावर मनापासून वेळ द्यावा.

दुसरे उदाहरण हेन्री मोलेसन यांचे. अपस्माराच्या उपचारासाठी १९५३ मध्ये शस्त्रक्रिया करून त्यांच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूच्या आतील, स्मृतीशी निगडित रचनेचा) मोठा भाग काढण्यात आला आणि त्यानंतर नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता जवळजवळ नाहीशी झाली. तरीही आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचे काम ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना दिले, तेव्हा ते दिवसागणिक त्यात सुधारत गेले, जरी आदल्या दिवशी आपण हेच काम केले होते याची त्यांना आठवणही नसे. घटनांची स्मृती आणि कौशल्याची स्मृती वेगळी असते, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य या एका माणसाच्या हाताने गिरवून दाखवले आहे.

शरीररचनेपैकी सुरुवातीला एवढे पुरते: चेतापेशीतून विद्युत आवेग कसा जातो, दोन पेशींमधील सिनॅप्सवर रासायनिक संदेश कसा दिला जातो, प्रमस्तिष्काचे चार खंड कोठे आहेत, आणि हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला, थॅलॅमस, बेसल गँग्लिया व अनुमस्तिष्क यांची ढोबळ कामे कोणती. कॉर्बिनियन ब्रॉडमन यांनी १९०९ मध्ये पेशींच्या मांडणीवरून केलेले क्षेत्रांचे क्रमांक आजही वापरात आहेत, पण ते पाठ करण्याची घाई करू नये. वाचताना लागतील तसे ते बसत जातात. प्रौढ मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या स्थितीतही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. हे दोन आकडे लक्षात ठेवले, तर 'आपण मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो' हा समज किती निराधार आहे हे स्वतःच्या मनाशी स्पष्ट राहते.

२. प्रश्न लहान करा

'गोव्यातील मुले अनेक भाषा बोलतात म्हणून त्यांचा मेंदू अधिक तल्लख असतो का?' हा प्रश्न मार्गदर्शकांपुढे दर वर्षी येतो. तो कळकळीचा असला तरी संशोधनाचा होत नाही, कारण त्यातील 'तल्लख' कशाने मोजायचे, 'अनेक भाषा बोलणे' कशाला म्हणायचे आणि तुलना कोणाशी करायची, यांपैकी काहीच ठरलेले नाही. तोच प्रश्न असा मांडून पाहा: घरी कोकणी बोलणाऱ्या आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या १८ ते २५ वयाच्या व्यक्तींमध्ये, रंग ओळखताना शब्दाच्या अर्थाचा होणारा अडथळा मराठी शब्दांच्या बाबतीत जास्त असतो की कोकणी शब्दांच्या? आता मोजायची गोष्ट, सहभागी आणि तुलना अशा तिन्ही बाबी हाताशी आल्या.

द्विभाषिकतेच्या विषयात अवांतर चलांचा, म्हणजे आपण अभ्यासत नसूनही निकालावर परिणाम करणाऱ्या घटकांचा धोका किती मोठा असतो, हे एका गाजलेल्या अभ्यासातून शिकावे. एलेन बायलस्टॉक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये द्विभाषिक प्रौढांना अवधानाच्या एका कार्यात फायदा दिसतो असे दाखवले. त्यातील पहिल्या प्रयोगात तमिळ-इंग्रजी द्विभाषिक भारतात राहणारे होते आणि एकभाषिक कॅनडात राहणारे. भाषेबरोबर देश, शिक्षणपद्धती आणि राहणीमान हेही बदलले, तर फरकाचे श्रेय नेमके कोणाला द्यायचे? पुढील मोठ्या अभ्यासांत हा फायदा सातत्याने दिसलेला नाही आणि वाद आजही चालू आहे. गोव्यात एकाच वाड्यावर, सारख्या परिस्थितीत वाढलेल्या पण भाषांचा वापर वेगवेगळ्या प्रमाणात करणाऱ्या व्यक्ती सापडतात, आणि ही आपल्याकडची खरी संपत्ती आहे असे मला वाटते. एकाच व्यक्तीची तिच्याच दोन भाषांमध्ये तुलना केली तर यांतील कितीतरी अवांतर चल मुळातच गळून पडतात.

३. मेंदूआधी वर्तन मोजायला शिका

डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी १८६८ मध्ये एक सुंदर कल्पना मांडली. साध्या प्रतिक्रियेला लागणारा वेळ आणि निवड करून दिलेल्या प्रतिक्रियेला लागणारा वेळ यांची वजाबाकी केली, तर निवडीच्या मानसिक टप्प्याला किती वेळ लागला याचा अंदाज येतो. आजच्या एफएमआरआयमधील (रक्तपुरवठ्यातील बदलांवरून मेंदूचे चित्र काढणाऱ्या पद्धतीतील) दोन स्थितींची वजाबाकी याच कल्पनेची वंशज आहे, आणि तिची मर्यादाही तीच आहे: एक टप्पा वाढवल्याने बाकीचे टप्पे जसेच्या तसे राहतात, हे गृहीतक प्रत्येक वेळी खरे ठरत नाही.

पहिल्या प्रयोगासाठी स्ट्रूप कार्य निवडावे, असे मी सुचवीन. जॉन रिडली स्ट्रूप यांचा निबंध १९३५ चा आहे आणि परिणाम इतका भक्कम आहे की थोड्या सहभागींतही तो दिसतो. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत दाखवून शाईचा रंग विचारला की उत्तर उशिरा येते. लागणारी साधने पुढीलप्रमाणे:

- लॅपटॉप आणि शक्य असल्यास तारेने जोडलेला कीबोर्ड.
- सायकोपाय किंवा ओपनसेसमी यांपैकी एक सॉफ्टवेअर; दोन्ही विनामूल्य आहेत.
- शांत खोली आणि पडद्यावर चकाकी येणार नाही असा ठरलेला प्रकाश.
- लाल-हिरव्या रंगांधत्वाची तपासणी करण्यासाठी इशिहारा तक्ते.
- भाषिक पार्श्वभूमीची प्रश्नावली.

शेवटच्या बाबीकडे दुर्लक्ष झाले तर गोव्यात प्रयोग हमखास फसतो. कोकणी उत्तम बोलणारी व्यक्ती ती देवनागरीत वाचत असेलच असे नाही. तिला रोमी लिपीची सवय असू शकते, किंवा कोकणी वाचण्याचा प्रसंगच क्वचित येत असू शकतो. अशा व्यक्तीला देवनागरी कोकणी शब्दांचा अडथळा कमी झाला, तर त्याचे कारण अवधानात शोधण्याऐवजी वाचनाच्या सरावात शोधावे लागेल. म्हणून घरची भाषा, शाळेचे माध्यम, रोज वाचली जाणारी लिपी आणि प्रत्येक भाषा कोणत्या वयात आली, हे चारही प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

शब्दांची निवडही बारकाईने करावी लागते. मराठीसाठी लाल, निळा, हिरवा, पिवळा आणि कोकणीसाठी तांबडो, निळो, पाचवो, हळदुवो असे संच घेतले, तर निळा आणि निळो ही जोडी जवळजवळ सारखी आहे, तर हिरवा आणि पाचवो यांत काहीच साम्य नाही. या दोन प्रकारच्या जोड्या विश्लेषणात एकत्र मिसळल्या तर भाषांमधील फरक पुसट होतो. त्या वेगळ्या नोंदवाव्यात. शब्दांची लांबी, फॉन्टचा आकार आणि मात्रा-वेलांट्या पडद्यावर नीट उमटतात की नाही, हे प्रत्यक्ष वापरायच्या संगणकावरच तपासावे, कारण एका यंत्रावर ठीक दिसणारा 'पिवळा' दुसऱ्या यंत्रावर वेलांटी सुटून आलेला दिसू शकतो.

वेळेच्या बाबतीत एक तांत्रिक बाब. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांच्या टप्प्यांतच बदलू शकते. शब्द २०० मिलिसेकंद दाखवायचा असेल तर सॉफ्टवेअरला मिलिसेकंद सांगण्याऐवजी १२ फ्रेम असे सांगणे अधिक विश्वासार्ह ठरते. कीबोर्डमुळे होणारा विलंब दोन्ही स्थितींत सारखाच असल्यामुळे तुलनेत तो फारसा आड येत नाही, मात्र प्रयोगाच्या मध्येच यंत्र बदलू नये. भाषांचा क्रम निम्म्या सहभागींसाठी उलटा ठेवावा, बटणांची जुळणी फिरवावी, सरावाच्या ट्रायल आधी घ्याव्यात, आणि किती जलद वा किती मंद उत्तरे वगळायची हे माहिती गोळा करण्यापूर्वीच लिहून ठेवावे.

नियंत्रित तुलना कशासाठी, हे समजून घ्यायला पणजीतील जुन्या सचिवालयाजवळचा पुतळा आठवावा. कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेले ॲबे फारिया पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून दाखवीत. त्यांच्या आधी फ्रान्झ मेस्मर यांनी हा परिणाम शरीरातून वाहणाऱ्या चुंबकीय द्रवाचा असल्याचे सांगितले होते. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हॉझिए होते, सहभागींचे डोळे बांधून तपासणी केली. तेव्हा परिणाम प्रत्यक्ष चुंबकीय क्रियेमागे न जाता व्यक्तीच्या समजुतीमागे जातो असे आढळले. फारिया यांनी पुढे ठामपणे मांडले की कारण संमोहित होणाऱ्या व्यक्तीच्याच मनात असते. सहभागीला आणि शक्य तेथे प्रयोगकर्त्यालाही कोणती स्थिती चालू आहे हे कळू न देण्याची पद्धत का पाळायची, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण गोव्याच्या विद्यार्थ्याला क्वचितच मिळेल.

४. कोणती पद्धत कशाचे उत्तर देते

आता यंत्रांकडे वळू. प्रत्येक पद्धतीला तीन प्रश्न विचारावेत: ती 'केव्हा' किती अचूक सांगते, 'कोठे' किती अचूक सांगते, आणि तिच्यावरून कारणाचा दावा करता येतो का.

ईईजीमध्ये टाळूवर, म्हणजे डोक्याच्या त्वचेवर, लावलेल्या इलेक्ट्रोडमधून विद्युत दाबातील फरक मोजले जातात. मानवी ईईजीची पहिली नोंद हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये घेतली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. वेळेचे मोजमाप मिलिसेकंदांचे असते, जागेचे मात्र ढोबळ. शिगम्याच्या मिरवणुकीपासून दूर उभे राहिले तर ढोलांचा ठेका कोणत्या क्षणी बदलला हे नेमके कळते, पण कोणाचा ढोल कोठे वाजतो आहे हे सांगता येत नाही, आणि एकट्या माणसाचा ढोल तर मुळीच ऐकू येत नाही. ईईजीतही हजारो पेशी एकाच वेळी, एकाच दिशेने काम करतात तेव्हाच टाळूपर्यंत काही पोचते.

एखाद्या घटनेला जोडून घेतलेल्या अनेक नोंदींची सरासरी काढली की त्या घटनेशी निगडित विद्युत प्रतिसाद, म्हणजे ईआरपी, मिळतो. त्यातील एन४०० हा घटक मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये दाखवला. अर्थाच्या दृष्टीने अनपेक्षित शब्द आल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी ऋण दिशेचा प्रतिसाद वाढतो. मराठीत असा प्रयोग करायचा तर वाक्यरचनेचा विचार आधी करावा लागतो. 'आईने हुमणात मीठ घातले' आणि 'आईने हुमणात खुर्ची घातली' या जोडीत अर्थाबरोबर क्रियापदाचे रूपही बदलते. 'आईने हुमणात पुस्तक घातले' असे केले तर दोन्ही नामे नपुंसकलिंगी राहतात, क्रियापद तेच राहते आणि फरक फक्त अर्थाचा उरतो. अशा जोड्या डझनावारी तयार करण्यातच भाषेच्या प्रयोगाचे निम्मे कष्ट जातात, आणि तेथे मराठी-कोकणी चांगली जाणणाऱ्या व्यक्तीचा उपयोग कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक होतो.

एफएमआरआय चेतापेशींचे काम थेट मोजत नाही. एखाद्या भागात काम वाढले की तेथे रक्तपुरवठा गरजेपेक्षा जास्त वाढतो, ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते आणि त्यामुळे चुंबकीय संकेत किंचित बदलतो. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलेल्या या परिणामावर सगळी पद्धत उभी आहे. रक्ताचा प्रतिसाद शिखरावर पोचायला ५ ते ६ सेकंद लागतात, त्यामुळे 'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर मंद मिळते. 'कोठे' मात्र साधारण २ ते ३ मिलिमीटरपर्यंत सांगता येते. तरी अशा एका घनात, म्हणजे व्हॉक्सेलमध्ये, लाखांच्या घरात चेतापेशी असतात, हे रंगीत चित्र पाहताना विसरू नये.

ईईजी आणि एफएमआरआय या दोन्हींतून सहसंबंध कळतो. एखादा भाग त्या कामासाठी आवश्यक आहे का, हे विचारायचे तर इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास किंवा टीएमएस लागते. अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये शेफील्ड येथे विकसित केलेल्या या तंत्रात, डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातून क्षणिक चुंबकीय क्षेत्र निर्माण करून मेंदूच्या पृष्ठभागाजवळील एखाद्या भागाचे काम थोडा वेळ बदलले जाते. एमईजी (मेंदूच्या चुंबकीय क्षेत्राचे मोजमाप) आणि पीईटी (किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने काढलेले मेंदूचे चित्र) यांची फक्त ओळख असली तरी नवशिक्याला चालते.

५. परवानगी आणि कागदपत्रे

'फक्त बटणे दाबायला सांगणार आहोत, त्याला कसली परवानगी?' हा विचार करू नये. माणसांवरील कोणत्याही संशोधनासाठी संस्थेच्या नैतिकता समितीकडे आधी अर्ज करावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे यासाठी वाचावीत. त्यांत सूट, जलद परीक्षण आणि पूर्ण समितीसमोरील परीक्षण अशा तीन वाटा सांगितल्या आहेत. साध्या वर्तनप्रयोगात जोखीम अत्यल्प असते, पण कोणती वाट लागू होते हे समिती ठरवते, आपण नव्हे. अर्जासोबत सहसा पुढील कागद लागतात:

- संशोधन आराखडा: प्रश्न, पद्धत, सहभागींची संख्या आणि ती कशी ठरवली याचे कारण.
- माहितीपत्रक व संमतिपत्र, मराठी, कोकणी आणि इंग्रजी अशा सहभागींना समजणाऱ्या भाषांत.
- वापरायच्या सर्व प्रश्नावल्या आणि पडद्यावरील सूचनांचा मजकूर.
- मार्गदर्शकांचे व तुमचे परिचयपत्र.
- प्रयोग जेथे होणार त्या महाविद्यालयाचे वा संस्थेचे परवानगीपत्र.
- माहिती कशी साठवली जाईल, नावे काढून सांकेतिक क्रमांक कसे दिले जातील आणि ती यादी कोणाकडे राहील याचे टिपण.

माहितीपत्रक सोप्या भाषेत लिहावे. 'सदर संशोधनात सहभागाअंती कोणतीही हानी संभवत नाही' असे लिहिण्यापेक्षा 'तुम्हाला अर्धा तास पडद्याकडे पाहून बटणे दाबावी लागतील, डोळे थोडे थकू शकतात, आणि तुम्ही कधीही, कारण न सांगता थांबू शकता' असे लिहावे. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, अशा दोन्ही गोष्टी हव्यात. काणकोण किंवा सत्तरीच्या गावांत लिहिता-वाचता न येणाऱ्या ज्येष्ठांसोबत काम करायचे असेल तर माहितीपत्रक वाचून दाखवताना साक्षर आणि निष्पक्ष साक्षीदार उपस्थित असावा लागतो.

एका प्रथेबद्दल स्पष्ट बोलतो. वर्गातील मुलांना शिक्षकांकरवी प्रयोगाला बसवणे आणि त्याचा हजेरीशी वा गुणांशी संबंध जोडणे ही संमती नव्हे. नकार देणाऱ्या विद्यार्थ्याचे काहीही बिघडणार नाही, ही खात्री सहभागीला प्रत्यक्ष वागणुकीतून मिळाली पाहिजे.

बांबोळीच्या गोमेकॉसारख्या रुग्णालयांतील एमआरआय आणि ईईजी यंत्रे रुग्णसेवेसाठी असतात, तेव्हा ती संशोधनाला सहज मिळतील असे गृहीत धरून प्रबंध आखू नये. रुग्णांसोबत काम करायचे असल्यास तेथील डॉक्टर आराखड्याच्या टप्प्यापासून सोबत असावे लागतात.

६. ईईजीच्या दिवशी

पुढे प्रयोगशाळेत संधी मिळाली की पहिला अडथळा यंत्राचा नसतो, केसांना लावलेल्या खोबरेल तेलाचा असतो. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोडचा संपर्क नीट होत नाही आणि रोध, म्हणजे विद्युत प्रवाहाला होणारा अडथळा, खाली येत नाही. म्हणून आदल्या दिवशीच सहभागीला निरोप द्यावा: शाम्पूने केस धुऊन, पूर्ण वाळवून यावे आणि तेल किंवा जेल लावू नये. केसांतील फुले, पिना आणि मोठी कर्णभूषणे घरीच ठेवावीत. एप्रिल-मे महिन्यांत घाम हा दुसरा शत्रू असतो. घामामुळे नोंदीची रेषा हळूहळू वरखाली वाहत जाते, त्यामुळे सहभागीला आल्या आल्या टोपी न चढवता थोडा वेळ थंड खोलीत बसू द्यावे.

टोपी बसवताना नाकाच्या मुळाशी असलेल्या खळगीपासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि त्याच्या बरोबर मध्यावर, दोन्ही कानांपासूनही मधोमध, 'सीझेड' हा इलेक्ट्रोड यावा. हे मोजमाप अंदाजाने केले की बाकीचे सगळे इलेक्ट्रोड सरकतात. नंतर बोथट सुईच्या सिरिंजने केस बाजूला सारून जेल भरावे. जास्त भरल्यास शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये पूल तयार होतो आणि दोन्ही एकच संकेत दाखवू लागतात. बहुतेक प्रयोगशाळा रोध ५ ते १० किलोओहमच्या खाली आणण्याचा आग्रह धरतात, पण मर्यादा यंत्राच्या प्रकारानुसार बदलते.

मुख्य प्रयोगाआधी सहभागीला डोळे मिचकावायला, दात आवळायला आणि मग डोळे मिटून शांत बसायला सांगावे. मिचकावताना कपाळाजवळच्या रेषा उसळतात, दात आवळले की सगळीकडे दाट काटेरी रेघा उमटतात, आणि डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या इलेक्ट्रोडवर सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी सावकाश उभ्या राहतात. बर्गर यांनी पाहिल्या त्या याच लहरी. त्या दिसल्या की जोडणी ठीक असल्याचा भरवसा येतो, आणि समोरच्या माणसाने फक्त पापण्या मिटल्याने पडद्यावरचे चित्र बदलते हे पाहण्याचा आनंद मला कधीच कमी झालेला नाही. सहभागीलाही त्याचा पडदा वळवून दाखवावा. हलू नका, असे दहा वेळा सांगण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे त्या ठिकाणी उंच टोक दिसले तर पंखा, चार्जर आणि एक्स्टेन्शन बोर्ड एकेक करून बंद करून पाहावेत. पावसाळ्यात वीज जाण्याचा भरवसा नसतो, म्हणून यूपीएस आणि प्रत्येक भागानंतर माहिती जतन करण्याची सवय दोन्ही हव्यात.

७. विश्लेषणातील सापळे

पहिला सापळा अनेक तुलनांचा. मेंदूच्या चित्रात ५०,००० व्हॉक्सेल असतील आणि प्रत्येकाची ५ टक्के पातळीवर स्वतंत्र चाचणी केली, तर मुळात काहीच घडत नसतानाही सुमारे २,५०० व्हॉक्सेल 'सक्रिय' दिसतील. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेलेला सॅल्मन मासा स्कॅनरमध्ये ठेवून, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवून हेच सिद्ध केले. अनेक तुलनांची दुरुस्ती न केल्यास माशाच्या मेंदूतही सक्रियता आढळली आणि दुरुस्ती केल्यावर ती नाहीशी झाली.

दुसरा सापळा उलट अनुमानाचा. 'अमिग्डाला सक्रिय झाला, म्हणजे माणूस घाबरला' हे वाक्य वर्तमानपत्रांत वारंवार येते. अमिग्डाला भीतीखेरीज इतर अनेक प्रसंगी सक्रिय होतो, त्यामुळे सक्रियतेवरून मनःस्थितीकडे उलटे जाणे धोक्याचे आहे. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये या चुकीची सविस्तर चिकित्सा केली.

तिसरा सापळा कमी सहभागींचा. कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मेंदूविज्ञानातील अभ्यासांचे परीक्षण केले, तेव्हा खरा परिणाम पकडण्याची त्यांची सांख्यिकीय क्षमता मध्यकाने सुमारे २१ टक्के निघाली. म्हणून गृहीतक, सहभागींची संख्या आणि विश्लेषणाची पद्धत आधीच ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर नोंदवावी. प्रतिक्रियाकालांचे वितरण उजवीकडे झुकलेले असते, तेव्हा नुसती सरासरी काढण्यापूर्वी आलेख पाहावा. हा आलेख काढायला आर किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषांत चार ओळी लागतात, आणि त्या चार ओळी मार्गदर्शकांकडे जाण्याआधी लिहिलेल्या असाव्यात.

८. पुढची वाट

यंत्र नसतानाही खऱ्या मेंदूच्या नोंदींवर काम करता येते. ओपनन्यूरो या संग्रहात ईईजी आणि एफएमआरआयची माहिती विनामूल्य मिळते, आणि एमएनई-पायथन किंवा ईईजीलॅब हे सॉफ्टवेअर वापरून एखाद्या प्रसिद्ध निबंधातील एक आकृती पुन्हा तयार करणे हा उत्तम सराव आहे. वाचनासाठी पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालय आणि ताळगाव पठारावरील विद्यापीठाचे ग्रंथालय आहेच.

उच्च शिक्षणासाठी बेंगळुरूची निम्हान्स आणि भारतीय विज्ञान संस्था, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, गांधीनगर व कानपूरच्या आयआयटी, तसेच अलाहाबाद आणि हैदराबाद विद्यापीठांतील केंद्रे पाहावीत. तेथील प्राध्यापकांना पत्र लिहिताना त्यांचा एखादा निबंध खरोखर वाचून, त्यातील एका पद्धतीविषयी नेमका प्रश्न विचारावा. सोबत स्ट्रूप प्रयोगाची फाइल, विश्लेषणाचा कोड आणि एक आलेख यांचा दुवा द्यावा. पत्र दहा-बारा ओळींत संपवावे, विषयाच्या ओळीत कोणत्या महिन्यांत उपलब्ध आहात ते लिहावे, आणि उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करून द्यावी.